चार इंचांची तफावत

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि मग तिच्यामागे लपलेल्या आमच्या चार वर्षांच्या मुलावर नजर ठेवून म्हणाले, "छाती बावीस. जेवतो ना नीट?"

आम्ही तोआ पायोहला त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने बघायला गेलो होतो. मी नुकताच सिंगापूरला नोकरीवर रुजू झालेला. माझं काम बांधकामातल्या मोजमापांचं. किती काँक्रीट, किती सळई, किती फरशी, हे नकाशावरून काढायचं आणि जागेवर जाऊन पडताळायचं. मराठी घरमालक मिळतोय म्हटल्यावर बायको खूश होती. मी मात्र खोलीत पाऊल टाकताच टेप काढला आणि भिंती मोजल्या. ते दारात उभे राहून बघत होते.

"दोनदा मोजलीत तुम्ही एकच भिंत," ते म्हणाले.

"सवय आहे."

"चांगली सवय आहे. राहा."

आमचा करार एवढ्यावर झाला. पुढची दोन वर्षं आम्ही तिथे होतो. फ्लॅट पासष्ट चौरस मीटरचा. एक बेडरूम आमची, एक त्यांची, आणि हॉल त्यांच्या ट्युनिकांचा. मी त्यांना मास्तर म्हणत असे. शाळामास्तर नव्हेत, कपड्यांच्या कारखान्यात फर्मे, म्हणजे कापडावर ठेवायचे कागदी नमुने, काढणारा आणि कापड कापणारा मुख्य माणूस तो मास्तर. मुंबईत एका शर्टाच्या कारखान्यात ते होते. इथे कपड्यांचे कारखाने जोरात होते तेव्हा इकडे आले. पुढे त्यांचा कारखाना शेजारच्या देशात गेला आणि मास्तर इथेच राहिले. बायको आधीच गेलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन पर्थला.

त्यांच्या अंगात कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट असे आणि त्याला खिसा नसे. खिशामुळे छातीवरचं कापड ओढलं जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, कार्ड ते मोज्यात ठेवत. गेटपाशी थांबून, वाकून, मोज्यातून कार्ड काढायचं, टेकवायचं, पुन्हा वाकून आत सरकवायचं. मागे रांग खोळंबे. मी एकदा सुचवलं, "मास्तर, रांगेच्या आधीच काढून हातात धरत चला." ते म्हणाले, "हातात टेप असतो ना." टेप खरोखरच असे. कॉफी प्यायला खाली खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरला जातानासुद्धा गळ्यात टेप. लिफ्टमध्ये एखादं लहान मूल दिसलं की त्यांचा हात आपोआप टेपाकडे जाई. वरच्या मजल्यावरची चिनी आंटी त्यांना चांगली ओळखून होती. ती आपल्या नातवंडांना मागे ओढून हसत म्हणायची, "अंकल, टुडे नो मेजर, हां! यस्टर्डे ऑलरेडी मेजर!"

फर्मे कापायला ते याच आंटीकडून रद्दी आणत, तीही फक्त चिनी वर्तमानपत्रांची. आमच्याकडे इंग्रजी पेपर येई, तो मी देऊ केला तर नको म्हणाले. "वाचता येणारा कागद असला की कात्री बातमीपाशी थांबते," असं कारण दिलं. हॉलच्या भिंतीवर चिनी अक्षरांनी भरलेल्या बाह्या, पाठी, कॉलर खिळ्यांना लटकलेल्या असत. मुलाला वाटायचं आजोबांना चिनी येतं.

आता ट्युनिकांविषयी. हे मला सगळं त्यांच्याकडूनच कळलं, तेव्हा जेवढं कळलं तेवढंच सांगतो. पूर्वी युरोप-अमेरिकेत लहान मुलगे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत फ्रॉकच घालत, बहिणींसारखाच. त्यानंतर त्यांना एकदम पँट मिळत नसे. मध्ये एक टप्पा होता, त्याचं नाव ट्युनिक सूट. वर कमरेला पट्टा असलेला, गुडघ्यापर्यंत घेर सोडलेला अंगरखा आणि खाली विजार. लांबून पाहिलं तर फ्रॉक, जवळून पाहिलं तर मुलाचा कपडा. पहिल्या महायुद्धाच्या आसपास हा प्रकार मागे पडत गेला. इथे राहणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या आणि काही श्रीमंत घरच्या मुलांचे असले फोटो जुन्या स्टुडिओंत निघालेले असत. ते सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या चादरीवर मिळत. मास्तर दर रविवारी तिथे उकिडवे बसून ते चाळत.

फ्रॉकातलं मूल मुलगा की मुलगी हे ते लगेच सांगत. "भांग बघा. बाजूला पाडलाय, मुलगा आहे. हातात चाबूक दिलाय, बाहुली नाही. आणि बटणं बघा कुठल्या बाजूला." मी भिंग लावून पाहत असे. ते बहुतेक वेळा बरोबर निघत.

"पण मास्तर, हेच का?" मी एकदा विचारलं. "सगळं आयुष्य शर्ट कापण्यात गेलं, मग शर्ट का नाही?"

ते काजं करत होते. मान वर न करता म्हणाले, "कारखान्यात कापडाचे थर लावून कापायचं. मी कापलेल्या बाह्या कुठल्या पोराच्या अंगावर गेल्या ते मी कधी पाहिलं नाही. बाही जायची एकीकडे, कॉलर दुसरीकडे. आता पोटापुरतं आहे, तर एखादा आख्खा कपडा करावा. आणि करायचाच तर असा की जो आता कोणी करत नाही." मग थोड्या वेळाने स्वतःशीच हसून म्हणाले, "आता काय, डायपरमधून थेट जीन्समध्ये. मधलं काही नाहीच."

माझ्या पँटची उंची कमी करायची होती, ती मात्र त्यांनी करून दिली नाही. "सात वर्षांच्या पुढचं मी करत नाही. खाली कोपऱ्यावर बाई आहे, तिच्याकडे टाका." बायकोनं खूप हसून घेतलं. नंतर ती जवळजवळ प्रत्येक गोष्टीला म्हणू लागली, सात वर्षांच्या पुढचं मी करत नाही.

फोटोवरून कपडा करताना माप कसं घ्यायचं, हा त्यांचा मोठा प्रश्न होता. मी त्यांना प्रमाण काढायला शिकवलं. फोटोत खुर्ची असेल तर तिची बैठक अठरा इंच धरायची आणि त्यावरून मुलाची उंची, छाती, बाही काढायची. त्यांनी त्यासाठी एक नोंदवही केली. प्रत्येक फोटोला एक पान. त्यावर छाती, उंची, खांदा, बाही अशी नऊ मापं. माझा त्यांच्या कामातला हा पहिला हातभार. तो तेवढाच राहिला असता तर बरं झालं असतं.

सार्सच्या साथीत शाळा बंद झाल्या. मुलगा घरी, मास्तरही घरी. जुना बाजार ओस पडलेला. मी सकाळ-संध्याकाळ तिघांचा ताप मोजून लिहीत असे. मास्तर म्हणाले, "माझाही लिहा." मग चौथा रकाना आला. त्या दिवसांत त्यांनी मुलाला समोर उभा करून एक गडद निळा ट्युनिक त्याच्या अंगावर चढवला. पट्टा बांधला, घेर सारखा केला, चार पावलं मागे सरून बघितलं. मुलानं स्वतःकडे खाली बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"पप्पा, धिस वन ड्रेस, लाह! आय डोंट वाँट!"

मास्तर गुडघ्यावर बसले. "ड्रेस नाही रे. खाली विजार आहे बघ. हात वर कर. आता पळ बघू दारापर्यंत."

मुलगा पळाला, परत आला, पुन्हा पळाला. घेर उडतोय हे लक्षात आल्यावर गोल फिरायला लागला. मास्तर त्याच्याकडे बघत होते आणि ओठांनी काहीतरी मोजत होते. "काखेत कुठे अडतंय का?" त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "नो." तेव्हा ते उठले आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. एखाद्या पोराच्या अंगावर आपला आख्खा कपडा त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

दुसऱ्या वर्षी पर्थहून मुलीचा फोन येऊ लागला. बाबा, आता एकटे राहू नका, फ्लॅट विका, इकडे या. मास्तर शेवटी हो म्हणाले. तोवर ट्युनिक सूट अकरा झाले होते. मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं, एक बॅग आणा, ते कपडे आणू नका, इथे ठेवायला जागा नाही. त्यामुळे जाण्याआधी अकरा सूट कुठेतरी नीट लागायला हवे होते. त्यांना दुसरी कसलीच काळजी नव्हती. फ्लॅटला काय भाव येईल हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. "काचेमागे ठेवले तर बरं," एवढंच म्हणत. "खाली माझं नाव नको. नुसतं लिहायचं, मुलगा, वय पाच. मुलगा, वय सहा."

ओळखीतून जुन्या खेळण्यांचं आणि मुलांच्या वस्तूंचं एक लहानसं खाजगी संग्रहालय सापडलं. तिथली तरुण बाई घरी येऊन गेली. तिला सूट फार आवडले. एकेक हातात घेऊन "सो नाइस, अंकल, सो नाइस" म्हणत राहिली. मास्तरांनी तिला मायलो करून दिलं. जाताना ती म्हणाली, समितीपुढे ठेवायला एक तक्ता लागेल. वस्तू, काळ, आधार, मापं, शेरा. अचूक असावा.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. असला तक्ता करणं हा माझ्या डाव्या हातचा मळ होता.

मी तीन आठवडे रोज संध्याकाळी त्या कामाला बसलो. अकरा सूट, प्रत्येकी नऊ मापं, प्रत्येक माप तीनदा. दोनशे सत्त्याण्णव नोंदी. टेबलावर कपडा सपाट पसरायचा, मोजायचा, छातीचा आकडा दुप्पट करायचा. काळाच्या रकान्यात मी अकराही वेळा "अनिश्चित" लिहिलं, कारण एकाही फोटोमागे साल नव्हतं. मास्तर म्हणाले, "बाह्यांवरून अंदाज सांगता येईल मला." मी म्हणालो, "अंदाज नको, मास्तर. पुरावा हवा."

मग मापं जुळवायला घेतली. नोंदवहीत छाती बावीस, प्रत्यक्ष कपडा सव्वीस. दुसऱ्यात तेवीस, कपडा सत्तावीस. कुठे तीन इंचांचा फरक, कुठे पाच, बहुतेक ठिकाणी चार. मी पुन्हा मोजलं. फरक तेवढाच. मी शेवटच्या रकान्याला "तफावत" असं नाव दिलं आणि अकरा ओळींत आकडे भरले. शेऱ्यात लिहिलं की प्रत्यक्ष वस्तू नोंदलेल्या मापांशी जुळत नाहीत. मनात मला वाटलं, मास्तरांचं वय झालं, हात चुकतो आता. पण खोटं कसं लिहायचं?

पाठवण्याआधी मी तक्ता त्यांना वाचून दाखवला. ते चष्मा काढून, हात मांडीवर ठेवून ऐकत होते. तफावतीच्या रकान्यापाशी आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "हे असंच लिहायचं असतं?"

"जे आहे ते लिहायचं, मास्तर."

"बरं," ते म्हणाले.

बायको आतून ऐकत होती. रात्री तिने म्हटलं, "अहो, त्यांना विचारलंत का फरक का आहे ते?" मी म्हणालो, विचारून आकडा बदलणार आहे का? हे वाक्य माझं आहे आणि मला ते जसंच्या तसं आठवतं.

पत्र महिन्याने आलं. भाषा सभ्य होती. कपडे सुंदर आहेत, परंतु सोबतच्या तक्त्यानुसार काळाचा पुरावा नाही आणि प्रतिकृतींची मापं मूळ नोंदींशी जुळत नाहीत, सबब समितीला ते स्वीकारता येत नाहीत. त्या लोकांना दोष देता येत नाही. त्यांनी माझा कागद वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला.

मास्तरांनी पत्र माझ्याकडूनच वाचून घेतलं. घडी करून परत पाकिटात घातलं. "तुम्ही मेहनत घेतलीत," म्हणाले. मला त्या वेळी ते आभारासारखं वाटलं आणि मी "त्यात काय" असंही म्हणालो.

जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी अकराही सूट इस्त्री करून बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेतल्या सिमेंटच्या टेबलावर मांडले. जुन्या पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहून ठेवलं, मुलांसाठी, चार ते सात वर्षं, फुकट. आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसून राहिले. आया येत, कपडा उचलत, धरून बघत, हसत, पुन्हा ठेवत. "फ्रॉक, आह?" एकीनं विचारलं. मास्तर दरवेळी उठून तिला खालची विजार दाखवत. शेवटी आमच्या ओळखीच्या आंटीनं एक पिवळा सूट नातीसाठी घेतला. विजार तिने परत दिली. पोरगी तिथेच तो अंगात घालून सायकलींच्या रांगेभोवती धावत सुटली.

"नातीला दिलात," मी म्हणालो.

"चालेल," मास्तर म्हणाले. "धावतेय ना."

संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा टेबलावर सात उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो तेव्हा टेबल पुसलेलं होतं. सफाईवाल्याला मी काही विचारलं नाही. त्या आठवड्यात आमचाही बुकित तिमाह भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये जाण्यासाठी सामान बांधायचा घोळ चालला होता. त्या सातांतला एक, तो गडद निळा, आमच्या मुलाच्या अंगावर बसलेला, मी उचलून एखाद्या खोक्यात टाकला असता तर किती जागा गेली असती? हे गणित मी नंतर पुष्कळदा केलं.

विमानतळावर त्यांना पोचवायला मी गेलो नाही. साइटवर स्लॅब ओतायचा होता. बायको आणि मुलगा गेले.

तीन वर्षांनी नागपूरला मेव्हण्याचं लग्न निघालं. मुलासाठी जोधपुरी कोट शिवायला मी त्याला लिटल इंडियातल्या एका शिंप्याकडे घेऊन गेलो. शिंपी उत्तरेकडचा होता, वयस्क. त्यानं मुलाची छाती घेतली, सव्वीस. वहीत लिहिली. आणि पोराला म्हणाला, "तीस का काटूँगा."

मी लगेच म्हणालो, "सव्वीस लिहिलंत ना? मग तीस कसं? चार इंचांचा फरक येतोय."

तो माझ्याकडे बघून हसला. "साब, वो तो बॉडी है. कपड़ा बॉडी के बराबर काटूँगा तो बच्चा साँस कैसे लेगा? हाथ कैसे उठाएगा?"

मुलानं हात वर करून दाखवला. मी तिथल्या स्टुलावर बसलो. मी आयुष्यभर काँक्रीटच्या दोन स्लॅबांमध्ये मुद्दाम सांधा सोडत आलो होतो, उन्हात फुगायला जागा राहावी म्हणून. त्या सांध्याला मी कधी तफावत म्हटलं नव्हतं. नोंदवहीतली मापं पोरांच्या अंगाची होती, आणि ती काढायला तर मीच त्यांना शिकवलं होतं. तीन, चार, पाच इंच हे त्या त्या कपड्याच्या घेराप्रमाणे मास्तरांनी ठरवून सोडलेले होते. अकराच्या अकरा बरोबर होते. चुकला होता तो एकच रकाना, आणि तो मी काढला होता.

घरी येऊन मी तक्ता दुरुस्त केला. तफावतीच्या जागी काय असायला हवं ते लिहिलं, संग्रहालयाला पाठवायचं पत्र तयार केलं, आणि ते हातात धरून बसलो. पाठवून काय होणार होतं? द्यायला एकही सूट उरला नव्हता.

पर्थचा नंबर बायकोच्या वहीत होता. शनिवारी दुपारी लावला. मुलीनं उचलला, मग मागे पावलांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मास्तर.

"बोला इंजिनियर."

इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो, "मास्तर, त्या तक्त्यात माझी चूक झाली होती. ती तफावत नव्हती."

"हो. लूज सोडला होता तो."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मी वाचून दाखवलं तेव्हा?"

"मला नाही कळणार?" ते हसले. "आणि ती बाईही बघेल, तिला कळेलच, असं वाटलं. तिला नसेल कळलं."

"मग बोलला का नाहीत? एका शब्दानं बोलला असतात तर मी बदललं असतं."

मागे नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"तुम्ही ऑफिसातून यायचात," ते म्हणाले, "आधी साबणानं हात धुवायचात. मग एकेक कपडा घ्यायचात. एकदा मोजायचात, लिहायचात, परत मोजायचात. तीन आठवडे. इतकी वर्षं कापड कापलं मी, पण माझ्या हातचा कपडा कोणी असा बघितला नव्हता. तुम्हाला मध्येच कुठे थांबवायचं?"

त्यांनीच मग हवेचं विचारलं, मुलाच्या शाळेचं विचारलं, आणि फोन मुलीकडे दिला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"बरे आहेत," मी म्हणालो.